‘सेट’ नेमका कशाकशाचा?

प्रश्न : आमच्या घरात दिवसभर ‘सेट’ चालतं. सून म्हणते वड्या सेट व्हायच्यात, मुलगा साइटवर फोन करून सांगतो प्लास्टर सेट होऊ दे, नात सेटच्या परीक्षेला बसलीय. सर्वांत जास्त अर्थ याच इंग्रजी शब्दाला आहेत म्हणे. खरं का? आणि एका शब्दाला इतके अर्थ येतात कुठून? – एक आजोबा, मिरज

उत्तर : आजोबा, नातीचा सेट आधी बाजूला काढते. ती स्टेट एलिजिबिलिटी टेस्टची आद्याक्षरं. तिला शुभेच्छा, पण आपल्या हिशेबात ती नाही.

तुम्ही ऐकलंत ते एके काळी खरं होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या 1989च्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचे 430 अर्थ होते आणि नोंद सुमारे 60,000 शब्दांची. पुढे नव्या आवृत्तीचं काम ‘ए’पासून न धरता ‘एम’पासून धरलं. त्यामुळे ‘सेट’ची पाळी येण्याआधीच 2000 साली ‘मेक’ पुढे गेला, 2007 साली ‘पुट’ आणि 2011 साली 645 अर्थांचा ‘रन’. ही शर्यत मी तरी फार मनावर घेत नाही. एका अर्थाचे दोन करायचे की दोनाचा एक, हे शेवटी संपादक ठरवतो.

दुसरा प्रश्न मात्र झकास. ‘सिट’ म्हणजे बसणं आणि ‘सेट’ हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणं. आता आपलं ‘बसणं’ बघा. गणपती बसतात, घसा बसतो, सदरा अंगाला बसतो, धक्का बसतो, एखाद्या कामात हात बसतो. आपण कुठे मोजत बसतो? मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात ‘बसणें’ काढा, चहा गार होईल. काही ठिकाणी तर दोन्ही भाषा हातात हात घालून जातात : सोनार अंगठीत खडा बसवतो आणि डॉक्टर मोडलेलं हाड बसवतो, इंग्रजीत दोन्हीकडे ‘सेट’च. गजर मात्र आपण लावतो आणि सूर्य बुडतो.

वडी आणि प्लास्टर म्हणजे ओलं होतं ते जागच्या जागी घट्ट बसलं. मुलाला हा फरक ठाऊक असेलच : सिमेंट काही तासांत सेट होतं, पण खरी ताकद पुढे कित्येक दिवस येत राहते, म्हणून तर पाणी मारायचं.

सहा कपांचा सेट हे वेगळंच घराणं. तो आला फ्रेंचमधून, आणि त्याचं मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा पंथ. इंग्रजीत येऊन दोघं इतके मिसळले की आज कुणाला वेगळे वाटत नाहीत.

राहिली आपली ‘सेटिंग’. ‘त्या ऑफिसात आपली सेटिंग आहे’ असं लंडनच्या माणसाला सांगून बघा, तो टेबलावर मांडलेले काटे-चमचे शोधायला लागेल.