दोन वर्षं घर सोडणार नाही, असं तुम्हीच लिहून दिलंय

प्रश्न: म्युनिकमध्ये नोकरी लागल्यावर घाईत फर्निश्ड फ्लॅट भाड्याने घेतला. करार जर्मनमध्ये होता, मोबाईलवर भाषांतर करून त्याच रात्री पत्नीने आणि मी सह्या केल्या. आठ महिने झाले. आता कंपनीच्या हॅम्बुर्ग ऑफिसात चांगली संधी मिळाली म्हणून घरमालकाला ईमेलने तीन महिन्यांची नोटीस दिली. दोन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं की करारानुसार दोन वर्षं घर सोडता येणार नाही. दोन शहरांत भाडं कसं भरायचं? तीन नवे भाडेकरू शोधून दिले की सुटका होते, असं ग्रुपवर कळलं, ते खरं का? भाडं थांबवून डिपॉझिटमधून वळतं करायला सांगावं का? की सरळ कोर्टात जावं?

उत्तर: जवळजवळ याच शब्दांतले प्रश्न बर्लिन, फ्रँकफुर्ट, श्टुटगार्टहूनही येतात, त्यामुळे हे उत्तर तुमच्या एकट्यासाठी नाही. जर्मनीत कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे आणि तीन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडता येतं, हे सगळ्यांना पाठ असतं, ते पुन्हा सांगत नाही. तुमची अडचण या नियमाला असलेल्या अपवादामुळे आहे, आणि तो अपवाद तुमच्या सहीने करारात आला आहे.

मुदतीच्या कलमाखाली एक वाक्य आहे. करार झाल्यापासून 24 महिने नोटीस देण्याच्या हक्कावर पाणी सोडलं, असा त्याचा अर्थ. जर्मनीत याला ‘क्युंडिगुंग्सफेर्त्सिख्ट’ म्हणतात. तुम्ही करारातल्या फर्निचरच्या यादीचे सहा स्वच्छ फोटो पाठवलेत, आणि ज्या ओळीवर सगळं अवलंबून आहे तिचा डावा भाग मात्र कापला गेलाय. हक्क सोडला तो ‘दोन्ही पक्षांनी’ की फक्त ‘भाडेकरूने’, हे त्या कापलेल्या भागात आहे. मूळ करार काढून ते दोन शब्द आधी वाचा.

कारण असं. ‘दोन्ही पक्ष’ असेल, तर कलम बहुधा टिकतं. कार्ल्सरूहच्या बुंडेसगेरिख्ट्सहोफने, म्हणजे दिवाणी प्रकरणांतल्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, 2005 मध्ये छापील करारातल्या अशा बंधनाला चार वर्षांची कमाल मर्यादा घातली. मोजायचं करार झाल्यापासून घर पहिल्यांदा सोडता येईल त्या दिवसापर्यंत, म्हणजे नोटिशीचा काळही त्यातच धरून. तुमचे 24 महिने आणि वर नोटिशीचे तीन, तरी मर्यादेच्या पुष्कळ आत. ‘घर फर्निश्ड आहे, मग वेगळा नियम असेल’ ही आशाही सोडा. फर्निश्ड खोलीला वेगळे नियम लागतात ते मुख्यतः मालक स्वतः राहतो त्या घरातली खोली असेल तर, किंवा घर खरोखरच तात्पुरत्या वापरासाठी दिलं असेल तर. दोन वर्षांच्या कराराचा फ्लॅट यांत बसत नाही. 2009 मध्ये त्याच न्यायालयाने एका विद्यार्थ्याच्या खोलीबाबत दोन वर्षांचं बंधन रद्द केलं होतं, पण विद्यार्थ्याला अभ्यासासाठी हालचालीची मोकळीक लागते हे तिथलं कारण होतं. नोकरदाराला ते सहजासहजी लागू होणार नाही.

ओळीत फक्त ‘भाडेकरू’ असेल, तर चित्र पालटतं. छापील करारात एकट्या भाडेकरूला असं बांधून ठेवणं सहसा टिकत नाही, आणि कलम गेलं की तुम्ही नेहमीच्या तीन महिन्यांच्या नियमात येता. याला एक अपवाद आहे. भाडं दर वर्षी ठरलेल्या रकमेने वाढेल, असं टप्प्याटप्प्याचं भाडं करारात लिहिलेलं असेल, तर एकतर्फी बंधनही चार वर्षांपर्यंत चालू शकतं. तुम्ही भाड्याचं पान पाठवलेलंच नाही. तेही बघा.

आता ईमेलबद्दल. कलम टिको वा न टिको, तुम्ही पाठवलेली नोटीस ही कायद्याने नोटीसच नाही. जर्मन नागरी संहितेचं कलम 568 सांगतं की घर सोडण्याची नोटीस लेखी हवी, आणि लेखी म्हणजे कागदावर शाईने सही केलेली. ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप, सही केलेल्या कागदाचं स्कॅन, यांतलं काहीही चालत नाही. शिवाय करारावर पत्नीचंही नाव आहे, तेव्हा नोटिशीवरही दोघांच्या सह्या हव्यात. तुम्ही ईमेल पाठवून उत्तराची वाट पाहत दोन महिने शांत बसलात. त्या शांततेत काहीच चालू झालेलं नव्हतं. मालकाला उत्तर देण्याची घाई असण्याचं कारण नव्हतं, ते तुम्हाला होतं.

नोटीस मालकाच्या हाती महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली, तर करार त्याच्या पुढच्याच्या पुढच्या महिनाअखेर संपतो. मार्चच्या तिसऱ्या कामाच्या दिवशी पोचली तर 31 मे, चौथ्या दिवशी पोचली तर 30 जून. एका दिवसाच्या उशिराला एका महिन्याचं भाडं. आणि मोजायचं ते पोचणं, पोस्टात टाकणं नाही. पोचपावतीचं रजिस्टर करून निर्धास्त होऊ नका. मालक घरी नसला आणि पोस्टातून त्याने पत्र उचललंच नाही, तर ते पोचलं नाही असं म्हणायला तो मोकळा. ओळखीच्या माणसाला पत्र वाचायला द्या, त्याच्यासमोर पाकीट बंद करा आणि त्यालाच मालकाच्या पत्रपेटीत टाकायला लावा. तारीख, वेळ त्याने लिहून ठेवावी. तो तुमचा साक्षीदार. करारावर तुमची आणि पत्नीची सही आहे म्हणून तुम्ही दोघांपैकी कुणी हे काम करू नका.

ही नोटीस तुम्ही आताच द्या, कलम टिकत असेल असं वाटलं तरी. तिच्यात लिहा की करार सर्वांत जवळच्या तारखेला संपवत आहोत, आणि ते शक्य नसेल तर कायद्याने जी पहिली तारीख येईल त्या तारखेला. पुढे कलम रद्द ठरलं तर घड्याळ या नोटिशीपासून मोजलं जाईल.

कलम टिकत असेल, तर मग कायद्यातला एक दरवाजा उरतो, आणि ग्रुपवर त्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही. त्याच नागरी संहितेच्या कलम 540 प्रमाणे तुम्ही मालकाकडे पोटभाडेकरू ठेवण्याची परवानगी मागू शकता. त्या विशिष्ट माणसात काही गंभीर खोट नसताना मालकाने परवानगी नाकारली, तर तुम्हाला कायद्याच्या मुदतीची खास नोटीस देऊन करार संपवता येतो. तुम्ही सोडून दिलेला हक्क नेहमीच्या नोटिशीचा आहे. हा हक्क वेगळा, आणि तोही छापील कलमाने काढून घेतला असेल तर तसं कलम बहुधा टिकत नाही.

हे करताना लोक दोन ठिकाणी घसरतात. ‘पोटभाडेकरू ठेवू का?’ असं मोघम विचारून चालत नाही. माणूस ठरवा, त्याचं नाव, जन्मतारीख, व्यवसाय लिहा, कधीपासून राहणार ते लिहा, आणि उत्तराला दोन-तीन आठवड्यांची तारीख द्या. नाव दिलेलं असेल तर मालकाचं मौनही नकार समजलं जाऊ शकतं. मोघम पत्रावरचं मौन हे नुसतं मौन. दुसरं म्हणजे माणूस खरा हवा. ज्याला त्या घरात राहायचंच नाही अशा मित्राचं नाव देऊन नकाराची वाट बघितली, तर न्यायाधीश त्याला हक्काचा गैरवापर म्हणू शकतो, आणि कोर्टात त्या मित्राला साक्षीला बोलावलं जातं.

मालक ‘हो’ म्हणाला तर? तर तुम्ही स्वतःच छोटे घरमालक झालात. पोटभाडेकरूने भाडं बुडवलं किंवा सोफा फाडला, तरी मूळ मालक तुम्हालाच धरणार. तरीही दोन भाड्यांच्या ओझ्यापेक्षा ते बरं. म्हणून पोटभाडेकरू निवडतानाही तुमच्या घरमालकाने तुम्हाला निवडताना मागितली होती तेवढीच कागदपत्रं मागा.

तीन नवे भाडेकरू शोधून दिले की सुटका, ही जर्मनीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेली अफवा आहे, जर्मन लोकही तिच्यावर विश्वास ठेवतात. तसा नियम नाही. करारात बदली भाडेकरूचं कलम असेल तर गोष्ट वेगळी. नसेल, तर भाडेकरूच्या बाजूने खरोखर मोठं कारण लागतं, उदाहरणार्थ गंभीर आजार. मालकाला पाठवलेल्या ईमेलमध्ये तुम्ही स्वतःच ‘चांगली संधी मिळाली म्हणून जातोय’ असं लिहिलंय. स्वखुशीने घेतलेली संधी हे तसं कारण धरलं जाण्याची शक्यता कमी. कंपनीनेच बदली केली असेल आणि तसं पत्र असेल, तर बोलायला थोडी जागा मिळते, खात्री मात्र देत नाही.

तरी बदली भाडेकरू शोधाच, पण कायदा म्हणून नव्हे, सौदा म्हणून. म्युनिकमध्ये घरांची टंचाई इतकी आहे की रिकामा फ्लॅट मालकाकडे फार दिवस पडून राहणार नाही, आणि हे त्यालाही कळतं. पुढच्या महिन्यापासून राहायला तयार असलेला, पगारपत्रकं हातात असलेला माणूस त्याच्यासमोर उभा करा आणि करार संपवण्याचा लेखी समझोता मागा. त्यात संपण्याची तारीख, फर्निचरची अवस्था आणि डिपॉझिट कधी परत हे तिन्ही लिहिलेलं असावं. मालकाने महिनाभराचं जादा भाडं मागितलं, तर तत्त्वासाठी भांडू नका. आधी उरलेल्या महिन्यांच्या भाड्याची बेरीज करा.

भाडं थांबवून डिपॉझिटमधून वळतं करायला सांगणं हा सगळ्यांत वाईट सल्ला. दोन महिन्यांच्या भाड्याइतकी थकबाकी झाली की मालक मुदत न देता करार संपवू शकतो. सुटलो असं वाटेल, पण मालकाचं पुढचं नुकसान त्यानंतरही तुमच्याकडून वसूल होऊ शकतं, आणि हॅम्बुर्गचा मालक आधीच्या घरमालकाचा ‘थकबाकी नाही’ असा दाखला मागेल तेव्हा तुमच्याकडे तो नसेल.

डिपॉझिट बुडत नसतं, अडकतं. ते तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून, म्हणजे हीटिंग वगैरे खर्च वगळून येणाऱ्या भाड्याहून, जास्त घेता येत नाही. तुमच्या आकड्यांवरून ते मर्यादेत दिसतं. परत देण्याची तारीख कायद्यात नाही. चावी दिल्यावर तीन ते सहा महिने सर्वसाधारण धरतात, आणि वार्षिक खर्चाचा हिशोब बाकी असेल तर थोडी रक्कम त्यानंतरही अडते. चावी देताना मीटरचे आकडे आणि प्रत्येक खोलीची अवस्था लिहून दोघांच्या सह्या घ्या, बाकी चर्चा नंतर.

कोर्टात जायचं का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घरभाड्याचे वाद म्युनिकच्याच आम्ट्सगेरिख्टमध्ये, म्हणजे खालच्या स्थानिक न्यायालयात जातात, तिथे वकील सक्तीचा नाही. पण निकालाला महिने लागतात, अपिलात आणखी, आणि तोवर भाडं चालूच राहतं. कलम वैध आहे की नाही हे तुम्हाला कळेपर्यंत तुमचे 24 महिने बहुतेक संपलेले असतील. न्यायालयांना हे दिसत नाही असं नाही, पण तारखांचं कॅलेंडर तुमच्या बदलीसाठी कुणी हलवणार नाही. कोर्टकचेरीच्या खर्चाचा विमा काढायला आता धावाधाव करू नका, चालू असलेला वाद त्यात बसत नाही. त्याऐवजी आजच भाडेकरू संघाचे, मीटरफेराइनचे, सभासद व्हा. वार्षिक वर्गणी घेऊन ते चालू वादातही सल्ला देतात आणि मालकाला पत्रही लिहितात.

हॅम्बुर्गचा करार अजून झालेला नाही, म्हणून एवढंच. जागा बघण्याआधी किंवा चावी हातात येण्याआधी कुणालाही पैसे पाठवू नका. मालक ‘पत्त्याची नोंद करू नका’ म्हणाला तर ते घर सोडून द्या. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवणं तुमच्यावर बंधनकारक आहे आणि त्यासाठी मालकाचा सहीचा दाखला लागतो. एजंट मालकाने नेमला असेल तर त्याची फी तुमच्याकडून घेता येत नाही, 2015 पासून तसा कायदाच आहे. आणि करारात मुदतीचं कलम आधी शोधा. नव्या जागेवरच्या पहिल्या सहा महिन्यांच्या प्रोबेशनमध्ये दोन वर्षांच्या बंधनावर सही करणं म्हणजे नोकरी गेली तरी भाडं भरत राहण्याची तयारी. ते कलम खोडून मागा. मालक तयार नसेल तर एक वर्षावर आणा किंवा नोकरी सुटल्यास वा बदली झाल्यास नोटीस देता येईल, अशी ओळ घालून घ्या. अडून बसला तर दोन-तीन महिने तात्पुरत्या जागेत काढून शोध चालू ठेवणं परवडतं.

मूळ करारातली ती ओळ आणि भाड्याचं पान असे दोन फोटो पाठवा, या वेळी पूर्ण. तोपर्यंत दोघांच्या सह्यांची नोटीस पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसाआधी मालकाच्या पेटीत पडलेली असू द्या.