‘अनुवांशिक’ असा शब्दच नाही

नागपूरच्या एका परिचारिका ताईंचा प्रश्न आहे. बाळंतपणातल्या नैराश्यावरच्या एका संशोधनाची प्रश्नावली त्यांना मराठीत आणायची आहे. त्यात ‘अनुवांशिक’ लिहावं की ‘आनुवंशिक’? बीज देणाऱ्या ‘डोनर’ला ‘दाता’ चालेल का? आणि आजाराचं नाव ‘प्रसूतिपश्चात नैराश्य’ ठेवायचं का?

आनुवंशिक. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांच्या पाट्या वाचत चाला, तपासणीचे अहवाल चाळा, ‘अनुवांशिक’ सगळीकडे बोकाळलंय. मूळ शब्द अनुवंश. ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते: समाज-सामाजिक, इतिहास-ऐतिहासिक, अनुवंश-आनुवंशिक. मधल्या ‘वं’ला कोणी हात लावायचा नाही.

यावर काही जाणकार ‘अनुशतिकादीनां च’ हे पाणिनीचं सूत्र पुढे करतात. त्यानं दोन्ही पदांची वृद्धी होते: आधिभौतिक, पारलौकिक. हा गण आकृतिगण, म्हणजे नमुन्यादाखल दिलेली आणि तशाच आणखी शब्दांना मोकळी असलेली यादी मानला जातो, म्हणून त्यात अनुवंशही बसवा, असं त्यांचं म्हणणं. बसवा! तरी रूप ‘आनुवांशिक’ होईल. पहिला ‘अ’ ऱ्हस्व ठेवून नुसत्या दुसऱ्या पदाचा स्वर वाढवायची सोय या सूत्रात नाही. म्हणजे ज्या रूपाचा बचाव करायला निघाले, तेच त्यांच्या सूत्रानं पाडलं.

आता वंश. वंश म्हणजे आधी बांबू, कूळ नंतर. हिंदीतला बाँस, आपल्या छपराचा वासा, बासरी, सगळे त्याच्याच पोटचे. बांबूला पेरावर पेर येतं तशी पिढीवर पिढी येते, म्हणून वंश म्हणजे कूळ, असं कोशकार सांगतात. मला ते पटत नाही. पेरांचा बांबू ही एकच सरळ काठी. कूळ असं कधी वाढतं का? मेळघाटात किंवा गडचिरोलीत मानवेल बांबूचं बेट पाहिलेला माणूस वेगळंच सांगेल. वर पन्नास काठ्या दिसतात, पण जमिनीखाली कंद एकमेकांत गुंतलेले असतात. जुनी काठी वाळते, बाजूनं नवा कोंब फुटतो, आणि बेटातल्या सगळ्या काठ्यांचं बीज एकच असतं. कुळाला वंश म्हणणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पेर नव्हतं, बेट होतं, असं माझं ठाम मत आहे.

वंश मुळात रक्तालाही बांधलेला नाही. बृहदारण्यक उपनिषदात तीन ठिकाणी ‘वंश’ येतो, तो गुरुशिष्यांचा. तिसऱ्या यादीच्या सुरुवातीला तर आचार्य आईच्या नावानं ओळखले जातात: पौतिमाषीपुत्र, कात्यायनीपुत्र.

म्हणूनच प्रश्नावलीत जपून लिहा. दुसरीच्या स्त्रीबीजातून झालेल्या बाळाची जनुकं बीज देणारीची असतात, गर्भाशय मात्र बाळ वाढवणारीचं. आपल्या २०२१च्या सहायक प्रजनन कायद्यानं बीज देणारीचा पालकत्वाचा हक्क सुटतो आणि मूल उपचार घेणाऱ्या जोडप्याचंच धरलं जातं. जनुकं एकीकडची, वंश दुसरीकडचा! तिथे ‘जनुकीय’च म्हणायचं. ब्रिटनमधल्या कार्डिफच्या संशोधकांनी नेमका हाच फरक वापरला. २००९च्या त्यांच्या अभ्यासात गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या आईच्या बाळाचं वजन कमी भरलं, मग बाळ तिच्या जनुकांचं असो वा नसो. मुलांच्या समाजविघातक वागण्याशी मात्र धूम्रपानाचा संबंध आई-मुलाचं जनुकीय नातं होतं तिथेच दिसला. गरोदर आईचं नैराश्य बाळापर्यंत गर्भातून पोचतं की जनुकांतून, हे असंच तपासता येतं. दोन्हींना ‘अनुवांशिक’ लिहिलंत तर प्रश्नच बुडाला.

‘आनुवंशिकता’ हा शब्द टक्केवारीसाठी राखा. स्वीडनच्या २०१६च्या अभ्यासात बाळंतपणाच्या काळातल्या नैराश्याची आनुवंशिकता जुळ्या बहिणींवरून ५४ टक्के निघाली, सख्ख्या बहिणींवरून ४४. एखाद्या बाईचं ५४ टक्के दुखणं आईकडून आलं, असा याचा अर्थ नाही. त्या लोकसंख्येत बायकाबायकांत जो फरक दिसतो, त्यातला तेवढा वाटा जनुकांच्या फरकाचा. ‘आईचं होतं म्हणून मुलीलाही होणार’ असं सुनावणारे हा आकडा सर्रास उलटा वाचतात, आणि आधीच खचलेल्या पोरीच्या माथी तिचं माहेर मारतात. याची मला खरोखर चीड येते.

हं, डोनर. पुरुष असेल तर दाता. बाई असेल तर दात्री, ‘स्त्रीबीजदात्री’. ‘स्त्रीबीज दाता’ नको.

‘प्रसूतिपश्चात’ खोडा. हे नैराश्य पुष्कळदा गरोदरपणातच सुरू होतं. मानसोपचाराच्या अमेरिकन वर्गीकरणानंही २०१३मध्ये गरोदरपण आणि प्रसूतीनंतरचे चार आठवडे एकत्र धरले. लेक सातव्या महिन्यात माहेरी येते तेव्हाच आपण ‘बाळंतपणाला आली’ म्हणतो. म्हणून ‘बाळंतपणातलं नैराश्य’ लिहा, आणि पहिल्या प्रश्नाआधी कंसात ‘गरोदरपण धरून’ एवढं जोडा.