मुलगी रोज पापण्यांना टेप लावते, काय करू?

"मॅडम, मुलगी चौदाची आहे, पापण्यांना टेप लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही आणि आता डोळ्यांचं ऑपरेशन करायचं म्हणते, ओरडू की समजावू?" टोकियोत राहणाऱ्या एका मराठी आईने विचारलं होतं, नवरा जपानी, मुलीचे डोळे बाबांवर गेलेत. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

आधी पापणीचं सांगते. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांच्या वरच्या पापणीवर घडी नसते, जपानीत त्याला हितोए म्हणतात, घडी असेल तर फुताए. दोन्ही तिथे जन्मतःच असतात, अगदी सख्ख्या बहिणींतही एकीला हे नि दुसरीला ते. पण फुताए म्हणजे सुंदर हे डोक्यात इतकं बसलंय की घडी पाडायची टेप आणि गोंद तिथे औषधांच्या दुकानात, शंभर येनच्या दुकानातही मिळतो. घडी पाडायचं ऑपरेशन पण काही आजचं नाही, मिकामो नावाच्या जपानी डॉक्टरांनी १८९६ मध्येच त्याबद्दल लिहिलं होतं.

माझ्याकडे समुपदेशनाच्या पहिल्या व्हिडिओ सेशनला मुलीने बराच वेळ कॅमेरा लावलाच नाही. लावला तेव्हा डोळे मिटताना टेपची कड चमकायची आणि तिच्याखालची कातडी लाल होऊन सोलवटली होती. आईला म्हटलं, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. "तू छान दिसतेस" असं मी तिला मुद्दामच म्हटलं नाही कारण ते ती घरी रोज ऐकत होती आणि तिला ते खोटं वाटत होतं. मी विचारलं, डोळ्यांचा विचार पहिल्यांदा कधी आला गं? मला वाटलं शाळेतलं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, नाशिकला, आजीकडे. तिथे सगळे लाडाने तिला "आमची चिनी बाहुली" म्हणायचे आणि लगेच मामेबहिणीकडे बघून "हिचे डोळे बघा कसे टपोरे!"

शेजारी बसलेल्या आईचा चेहराच उतरला. त्या माउलीची चूक नव्हती हो, पण हे शब्द आपल्या तोंडात इतके बसलेत की ते लागतात हे आपल्या लक्षातच येत नाही.

मग मी तिला आठवडाभर एक काम दिलं, जे जे बघशील त्यात हितोए डोळे कुणाला दिलेत ते वहीत लिही. तिने लिहून आणलं की मांगा म्हणजे जपानी चित्रकथांतल्या नायिकांचे डोळे अर्धा चेहरा व्यापतात आणि जाहिरातीत हितोए बहुतेक "आधी"च्या फोटोत असतात. बाबांनीही तिला एक जुना हॉलिवूड सिनेमा दाखवला, १९६१ चा 'ब्रेकफास्ट ॲट टिफनीज', त्यात जपानी शेजारी झालाय मिकी रूनी हा गोरा नट, खोटे दात लावून, हसं व्हावं म्हणून. बाबा अमेरिकेत शिकत असताना मुलं त्यांच्यासमोर बोटांनी डोळे ताणून दाखवायची, हे त्यांनी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

पुढचं तिचं तिनेच शोधलं. २०२१ मध्ये चीनमध्ये एका खाऊच्या कंपनीच्या जाहिरातीवर लोक चिडले, मॉडेल चिनीच होती पण असे बारीक डोळे दाखवणं म्हणजे चिनी लोकांचा अपमान म्हणे, शेवटी कंपनीने माफी मागून जाहिरात काढली. ती मला म्हणाली, "पण तिचे डोळे तसेच असतील तर? मग माझे डोळे म्हणजे पण अपमान का?" मी उत्तर द्यायची घाई केली नाही, त्या दिवशी ती पहिल्यांदा रडली आणि आम्ही तासभर त्यावरच बोललो.

म्हणून तुम्हाला सांगते, ओरडू नका, टेप काढून फेकू नका, पोरीला उगाच नटवी ठरवू नका. ती कुठे काय बघते ते तिच्याबरोबर बसून बघा आणि घरातल्यांची भाषा आधी बदला. या ताईंनी नाशिकला फोन करून थेट स्वतःच्या आईला सांगितलं, जे सासूबाईंना सांगण्यापेक्षा जास्त अवघड होतं. आजी आता तिला नावानेच हाक मारते, कधीतरी चुकते.

ऑपरेशनचं अठरा पूर्ण झाल्यावर बघू असं तिघांनी मिळून ठरवलंय. टेप अजून ड्रॉवरमध्ये आहे, शाळेच्या फोटोच्या दिवशी लावली होती, बास्केटबॉलला जाताना लावत नाही.