फाजील: पदवी की नको तेवढे?

प्रश्न : उत्तर प्रदेशातल्या मदरशांच्या ‘कामिल’ आणि ‘फाजिल’ या पदव्यांबद्दल बातमी वाचली. मराठीत फाजील म्हणजे गरजेबाहेरचे, नको तेवढे. पदवीला असे नाव कसे असेल? की हे दोन वेगळे शब्द आहेत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : शब्द एकच आहे, आणि दोन्ही अर्थ अस्सल आहेत. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ज्या पदव्यांबद्दल निकाल दिला, त्यांपैकी कामिल ही पदवीच्या पातळीची आणि फाजिल ही पदव्युत्तर पातळीची. तिथे फाजिल म्हणजे विद्वान.

अरबी शब्दाचे मूळ शोधताना स्वर बाजूला काढून तीन व्यंजने पाहायची असतात. इथली व्यंजने फ-द-ल. यातला ‘द’ आपला नव्हे, जिभेवर जोर देऊन उच्चारायचा तो जड द. फारसी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा झ झाला. ‘रमदान’ आणि ‘रमजान’ ही एकाच महिन्याची दोन नावे याच अक्षरामुळे ऐकू येतात. मराठीत अर्ज, कर्ज, हजर, रजा, मर्जी, काजी, जामीन, जिल्हा या सगळ्यांत तेच अक्षर दडलेले आहे.

फ-द-ल चा मूळ अर्थ ‘उरणे, मापाच्या वर जाणे’. हिशेबात वर उरली ती शिल्लक. माणसांत इतरांच्या वर गेला तो श्रेष्ठ, गुणी, विद्वान. ‘फाजील’ हे या धातूचे कर्तरी रूप, म्हणजे ‘वर उरणारा’. जालीम, गाफील, मालक हे शब्दही याच साच्यातले. तर-तम दाखवणारा दुसरा साचा आहे, त्यातून ‘अफझल’ तयार होतो : अधिक श्रेष्ठ. म्हणजे अफझलखानाच्या नावातला अफझल आणि आपल्या फाजील लाडांतला फाजील हे सख्खे भाऊ. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलच्या नावातला फजल त्याच घरचा. याच धातूचे अनेकवचनी रूप फारसीतून हिंदीत गेले आणि ‘फिजूलखर्ची’ झाले. सोळाव्या शतकात इराकमध्ये होऊन गेलेल्या एका मोठ्या कवीने ‘फुजूली’ हे टोपणनाव मुद्दाम घेतले. ऐकणाऱ्याला त्यात आगंतुकपणाही दिसतो आणि गुणांची रासही. दुसरा कोणी हे नाव घेणार नाही, असे कारण त्याने स्वतः लिहून ठेवले आहे.

उर्दूने विद्वान आणि शिल्लक हे दोन्ही अर्थ सांभाळले. मराठीने एकच ठेवला. आमच्या मते याचे कारण शब्द कोणत्या दाराने आला त्यात आहे. उत्तरेत तो मदरशातूनही आला आणि कचेरीतूनही. आपल्याकडे तो मुख्यतः दप्तरातून आला, आणि विद्वानासाठी पंडित, शास्त्री हे शब्द आधीच हाताशी होते. दप्तरात फाजील म्हणजे ठरल्याहून वर निघालेली रक्कम. तिथून तो वागण्याला लागला : फाजील बडबड, फाजील चौकशा, फाजीलपणा. नसत्या चौकशा करणाऱ्याला अरबीतही याच धातूवरून ‘फुदूली’ म्हणतात.

लिहिताना एक पथ्य पाळावे. नेहमीचा मराठी शब्द वकील, जमीन यांच्याप्रमाणे ‘फाजील’ असाच लिहावा, कारण शेवटचे अक्षर अकारान्त असले की त्याआधीचा इकार दीर्घ. फाजीलपणा लिहितानाही तो दीर्घच राहतो. पदवीसाठी मात्र, अफझल आपण झ ने लिहितो तसे, ‘फाझिल’ लिहिले तर वाचणाऱ्याचा घोटाळा होणार नाही.

प्रश्न : फजिती, फैसला, फासला हेही याच कुळातले का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : एकही नाही. फजितीची व्यंजने फ-द-ह. मूळ शब्द फजीहत, अर्थ बेअब्रू. मराठीत येताना त्यातला ह झिजला आणि शब्द फाजीलच्या जवळचा दिसू लागला. फैसला आणि फासला हे फ-स-ल चे, ‘वेगळे करणे’ या अर्थाचे. निवाडा दोन बाजू वेगळ्या करतो, अंतर दोन जागा.

चूक होते ती बहुधा ज मुळे. आपल्या एका ज मध्ये अरबी-फारसीची पाच वेगळी अक्षरे येऊन मिसळली आहेत. जिल्हा, जुलूम, जिम्मा, जमीन, जबाब या पाचही शब्दांतला पहिला ज मुळात निराळा आहे. त्यामुळे नुसत्या मराठी रूपावरून नाते ठरवू नये. आधी मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) शब्दापुढच्या कंसातले रोमन अक्षर पाहावे : एस संस्कृत, ए अरबी, पी फारसी, एच हिंदुस्थानी. अरबी-फारसी निघाला, तर माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश (१९२५) उघडावा.

प्रश्न : कार्यालयीन पत्रात मी ‘फाजील’ लिहिले की वरिष्ठ त्याचे ‘अतिरिक्त’ करतात. ‘जादा’ही चालत नाही म्हणतात. फरक काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : जादा म्हणजे ठरल्याहून वर, पण हवे असलेले. गणपतीला एसटी सोडते त्या जादा गाड्या, त्यांना फाजील गाड्या कोणी म्हणणार नाही. हा शब्द अरबी ‘जियादा’वरून आला, आणि त्याच्याच दुसऱ्या रूपावरून जास्ती, जास्त. मराठीत तो इतका रुळला आहे की पत्रात चालू नये असे काही कारण आम्हाला दिसत नाही. फाजील म्हणजे वर, आणि नको असलेले. त्यात नापसंती आहे, म्हणून सरकारी पत्रात तो खटकतो. तुमच्या वरिष्ठांचे तेवढे बरोबर.

पण ‘अतिरिक्त’ दुधारी आहे. ‘अतिरिक्त जिल्हाधिकारी’ म्हणजे जोडीला दिलेला अधिकारी. संचमान्यतेत, म्हणजे शाळेची शिक्षकपदे मंजूर करताना, ‘अतिरिक्त ठरलेले शिक्षक’ म्हणजे मंजूर पदांहून जास्त झालेले. संस्कृत रिच् म्हणजे रिकामे करणे, मागे सोडणे. त्यावरून रिक्त, आणि अति लागून अतिरिक्त, म्हणजे वर उरलेले. अतिरेक त्याच धातूचा. फाजीलप्रमाणे इथेही ‘उरणे’ यातूनच दोन वाटा फुटल्या.

‘या कार्यालयात अतिरिक्त कर्मचाऱ्यांची बाब विचाराधीन आहे’ असे लिहिले, तर माणसे हवीत की कमी करायची आहेत हे वाचणाऱ्याला कळत नाही. हवी असतील तर ‘चार जादा कर्मचारी द्यावेत’ आणि जास्त झाली असतील तर ‘मंजूर पदांपेक्षा चार कर्मचारी जास्त आहेत’ असे आकड्यासह लिहावे.