सरकारी फेररचना चालू असताना शहरात परवडणारी घरं उभी राहू शकतात का?

तुम्ही विचारलंय की खाती विलीन होतायत, अनुदानाचे नियम बदलतायत, अधिकार एका स्तरावरून दुसऱ्या स्तरावर जातायत. अशा वेळी परवडणाऱ्या घरांना पैसा कुठून येणार आणि ती बांधणार कोण? घरबांधणी प्रकल्पांच्या कर्जांचे हिशेब तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून पैशापासूनच सुरुवात करतो.

परवडणारं घर म्हणजे स्वस्तात बांधलेलं घर, असा एक समज आहे. विटा-सिमेंटमध्ये काटकसर करून भाडं फारसं खाली येत नाही. ते ठरतं जमिनीच्या किमतीवर आणि व्याजावर. एका घराचा खर्च १०० धरा आणि तो सगळा ३० वर्षांच्या कर्जातून उभा केला असं समजा. व्याज ४ टक्के असेल तर वर्षाचा हप्ता ५.८ च्या आसपास येतो, ८ टक्के असेल तर ८.९ च्या. घर तेच, भिंती त्याच, पण भाडेकरूवरचा बोजा दीडपट. सरकारने कर्जाला हमी दिली आणि मुदत लांबवली तर रोख अनुदानाइतकाच, कधी त्याहून जास्त, फायदा होतो तो यामुळे.

आता यात फेररचना आणून बघा. जमीन घेण्यापासून किल्ली हातात पडेपर्यंत पाच-सात वर्षं सहज जातात. मधेच मंजुरी देणारं कार्यालय बंद होऊन नवं उघडलं की फाइल थांबते, व्याज मात्र थांबत नाही. मी हिशेब पाहत होतो त्या एका प्रकल्पात नेमकं हेच झालं. जुन्या कार्यालयाचे करार नव्याकडे कसे जाणार हे आधी कुणी ठरवलंच नव्हतं. दोन वर्षं गेली. वाढलेला खर्च भरून काढायला शेवटी कमी भाड्याची घरं कमी करावी लागली. ती घरं ज्यांना मिळायची होती त्यांची यादी माझ्या टेबलावर होती. मला अजून ती आठवते.

तरीही फेररचना म्हणजे संकटच, असं मी म्हणणार नाही. या क्षेत्रातली सगळ्यात मोठी कामं फेररचनेतूनच झाली आहेत. १९२२ साली ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना हा स्वतंत्र प्रांत झाला आणि शहराला स्वतःचे कर लावायचा अधिकार मिळाला. पुढच्याच वर्षी ह्यूगो ब्राइटनर यांच्या अर्थखात्याने घरबांधणी कर आणला. तो चढता होता: साध्या घरावर नाममात्र, आलिशान घरावर जबर. त्यातून येणारा पैसा घरांसाठीच राखून ठेवला होता. बांधकाम मुख्यतः करांतूनच झालं, त्यामुळे भाड्यातून कर्जाचे हप्ते काढायची गरज उरली नाही. देखभाल भागली की पुरे. १९३४ पर्यंत शहराने ६० हजारांहून जास्त घरं बांधली. आज त्या शहरातले सुमारे निम्मे लोक नगरपालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतात.

सिंगापूरची राज्यव्यवस्था अगदी वेगळी, पण धडा जवळपास तोच. १९६० मध्ये जुनी सुधार संस्था मोडून गृहनिर्माण मंडळ स्थापन झालं. जुन्या संस्थेने ३२ वर्षांत जेमतेम २३ हजार घरं बांधली होती. मंडळाने पहिल्या पाच वर्षांत ५० हजारांचा टप्पा ओलांडला. १९६६ च्या भूसंपादन कायद्याने जमीन आवाक्यात आली आणि १९६८ पासून लोकांना भविष्य निर्वाह निधीतून घराचे पैसे भरता येऊ लागले. या दोन्ही ठिकाणी जबाबदारीसोबत पैसा आणि जमीनही मिळाली. तुमच्या सरकारची सुधारणा कशी आहे हे ओळखायला मी हीच कसोटी लावेन. जबाबदारी खाली ढकलली आणि तिजोरीची किल्ली वरच ठेवली, तर घरं होत नाहीत.

आणखी एक धोका सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. अमेरिकेत १९८६ च्या करसुधारणेतून परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी करसवलत निघाली. कंपन्या प्रकल्पात पैसे घालतात आणि बदल्यात दहा वर्षं त्यांचा कर कमी होतो. योजना टिकली, पण तिचं नशीब कंपनीकराच्या दराला बांधलेलं राहिलं. २०१६ च्या निवडणुकीनंतर हा दर उतरणार अशी चिन्हं दिसताच सवलतींची किंमत घसरली, म्हणजे कंपन्या तेवढ्याच सवलतीसाठी कमी पैसे घालायला तयार झाल्या, आणि ठरलेल्या प्रकल्पांच्या आर्थिक आराखड्यांत खड्डे पडले. २०१७ च्या कायद्याने दर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणला. घरांच्या धोरणाला कुणी हातही लावला नव्हता!

पैसा मुबलक असला म्हणजे झालं, असंही नाही. मेक्सिकोत कामगार गृहनिधीच्या कर्जांवर लाखो घरं उभी राहिली. त्यातली बरीच शहरापासून फार लांब होती, कारण तिथेच जमीन स्वस्त मिळत होती. २०१० च्या जनगणनेत देशभरात सुमारे ५० लाख घरं रिकामी आढळली. घराचा हप्ता परवडला, पण कामावर जायचं भाडं आणि वेळ परवडला नाही, अशी कुटुंबं घर सोडून निघून गेली.

म्हणून तुमच्याकडे फेररचनेचा मसुदा चर्चेला आला तर दोन गोष्टींसाठी आग्रह धरा. पहिली, सुरू झालेल्या प्रकल्पांना जुनेच नियम लागू राहतील आणि जुन्या कार्यालयाचे करार कोणत्या तारखेला कुणाकडे जातील हे कायद्यातच लिहा. दुसरी, आलेला पैसा घरांकडेच परत येईल अशी सोय करा. ब्रिटनमध्ये १९८० नंतर नगरपालिकांची घरं भाडेकरूंना सवलतीत विकली गेली, पण त्या रकमेतून नवी घरं बांधण्यावर बंधनं होती, म्हणून साठा आटत गेला. डेन्मार्कने उलटं केलं. इमारतीचं कर्ज फिटल्यावरही भाडेकरू भरत राहतात, आणि त्यातला मोठा वाटा एका सामायिक निधीत जमा होऊन जुन्या वसाहतींच्या दुरुस्तीला लागतो. सरकारं बदलतात तेव्हा या निधीवरही डोळा असतोच, म्हणून त्यातून काय काढता येणार नाही हेही त्याच कलमात लिहून घ्या.