कान लुचू द्या, पण गोधडी आजच उचला

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पार्किंगमध्ये सापडलेलं, जेमतेम महिन्याचं असताना घरी आलेलं मांजराचं पिल्लू आता चार महिन्यांचं झालंय. रात्री तुमच्या कानाची पाळी लुचतं, दूर केलं की गोधडीची कड तोंडात धरतं. सासूबाई म्हणतात कानाला बाम लाव, आणि तुम्हाला भीती की त्याच्यात काही कमतरता आहे. आमच्या चिंगीचं पहिलं वर्ष हुबेहूब असंच गेलं, म्हणून जरा लांबण लावतोय. मी डॉक्टर नाही, फक्त बरीच वर्षं मांजरं पाळतोय.

खाणं, जंताचं औषध, लसी हे सगळं तुमचं जागेवर दिसतंय, ते सोडून देतो. लुचणं हा आजार नाही, भूकही नाही. पिल्लं चौथ्या आठवड्यापासून बाहेरचं खाऊ लागतात, आठव्याच्या आसपास दूध सुटतं. पण त्यानंतरही आई जवळ असली तर ती तिला लुचत राहतात. त्यात पोटापेक्षा जवळिकीचा भाग जास्त असतो. तुमच्या पिल्लाचा तो काळच हुकला, म्हणून ते मऊ आणि उबदार काहीतरी शोधतंय. कान सापडला. सयामी आणि बर्मी जातींत तर वेळेवर दूध सुटलेली मांजरंही लोकर चोखतात.

हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये जवळपास 6000 मांजरांची माहिती तपासली होती. 8 आठवड्यांच्या आत आईपासून तुटलेली मांजरं जास्त आक्रमक निघाली, आणि पिल्लांना 14 आठवडे तरी आईजवळ ठेवावं असं त्यांचं म्हणणं पडलं. आपल्याकडे मात्र दीड महिन्याचं पिल्लू 'आता खायला लागलंय, घेऊन जा' म्हणून वाटून टाकतात. आई धडधाकट असताना हे करणाऱ्यांचा मला राग येतो. तुमचं तसं नाही, तुम्हाला ते एकटंच सापडलं.

आता खरा प्रश्न. ते गोधडी नुसती चोखतंय, की दोरे तोडून गिळतंय? तुमच्या पोस्टमध्ये 'कड कुरतडल्यासारखी दिसते' असं एक वाक्य आहे, आणि मी तिथेच थांबलो. चोखून ओली केलेली गोधडी धुता येते. गिळलेला दोरा जीव घेऊ शकतो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या आतड्याकडच्या तोंडाशी अडकतं आणि उरलेला दोरा आतड्यात उतरत राहतो. आतडं पुढे ढकलायला बघतं, दोरा हलत नाही, मग लेंग्याची नाडी ओढल्यावर पडतात तशा आतड्याला चुण्या पडतात आणि ताणलेला दोरा आतून कापत जातो.

चिंगीचं हेच झालं. तिने खाणं सोडलं, उलट्या सुरू झाल्या, कपाटाखाली जाऊन बसली. घराजवळच्या दवाखान्यात नेलं (नाव लिहिणार नाही, विचारूही नका). टेबलावर ठेवल्या ठेवल्या मी सांगितलं की ही गोधडी कुरतडते, कडेचे टाके गायब आहेत. उत्तर काय मिळालं? 'कॅल्शियमची कमतरता आहे, म्हणून चघळते.' टॉनिक आणि उलटी थांबवायचं इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच इंजेक्शन. त्याच्या पुढच्या दिवशी डॉक्टर नव्हते, मदतनीसाने कागद बघून तेच टोचलं आणि केसपेपरचे पैसे नव्याने घेतले. इंजेक्शनने उलटी थांबायची, आम्हाला वाटायचं उतार पडतोय, आणि आत दोरा आपलं काम करत होता. तोंड उघडून बघायचं कुणाला सुचलं नाही. एक्स-रेबद्दल विचारलं तर म्हणे, 'दोरा काय एक्स-रेत दिसतो का?' दोरा दिसत नाही हे खरं, पण गोळा झालेलं आतडं दिसतं ना! आणि सोनोग्राफी नावाची गोष्टही असते.

शेवटी दुसऱ्या गावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चिंगीचा जबडा उघडला, हनुवटीखालून अंगठ्याने जीभ वर उचलली, आणि जिभेच्या मुळाशी लाल दोरा रुतलेला दिसला. ऑपरेशनमध्ये आतडं एकापेक्षा जास्त ठिकाणी उघडावं लागलं. वाचली, पण पहिल्याच दिवशी कुणी जीभ उचलली असती तर यातलं बरंच टळलं असतं. त्या दवाखान्याच्या कागदावर अजूनही 'कॅल्शियम' लिहिलेलं आहे. मी तो जपून ठेवलाय, का ते विचारू नका.

म्हणून आजच गोधडी उचला. उलटी, खाणं बंद, लपून बसणं यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना 'दोरा गिळला असेल, जिभेखाली बघा' असं स्वतः सांगा. टाळाटाळ केली तर दुसरीकडे जा. जिभेखाली काही दिसलं नाही तरी विषय संपत नाही, दोरा आत जठराशी अडकलेला असू शकतो. आणि तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर कृपा करून ओढू नका. गजऱ्याचा दोरा, राखी, मांजा, सुईदोरा, सगळं डब्यात बंद.

गोधडीच्या जागी टाके नसलेला, घट्ट विणीचा मऊ कापडाचा तुकडा द्या, तुमच्या वापरातल्या जुन्या टी-शर्टचा चालेल. कान लुचायला आलं की न ओरडता तो तुकडा पुढे करा. तोही कुरतडायला लागलं तर काढून घ्या. झोपायच्या आधी दमेपर्यंत खेळवा आणि मग खाऊ घाला. आमच्याकडे याने निम्मा फरक पडला, तुमच्याकडे पडेलच असं नाही. मारणं, पाणी उडवणं यांनी मांजर घाबरतं, आणि घाबरलं की जास्त लुचतं. बरीच पिल्लं वर्षभरात सोडतात, काही जन्मभर करतात. फक्त चोखत असेल तर माझ्या मते करू द्यावं. कापड खाणं थांबतच नसेल तर मात्र त्यावर औषधं आहेत, ती डॉक्टरांनीच द्यायची.

सासूबाईंना दुखवू नका, पण बाम अजिबात नको. त्यातला कापूर आणि मेंथॉल मांजराला बाधतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरात कुणी केसांसाठी मिनॉक्सिडिल लावत असेल तर पिल्लाला त्या डोक्याजवळ, त्या उशीवर झोपू देऊ नका. थोडंसं चाटलं तरी मांजरं दगावू शकतात. गुडघ्याला लावायच्या वेदनाशामक जेलचंही तेच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2015 मध्ये फ्लर्बिप्रोफेन या वेदनाशामकाच्या मलमाबद्दल मांजरं मेल्यावर इशारा दिला होता.

इतर कुणी वाचत असेल तर: बाटलीवर वाढणारी पिल्लं एकमेकांना, विशेषतः बोक्यांच्या लघवीच्या जागी लुचतात. तिथे सूज येऊन लघवी अडू शकते. लालसर दिसलं की लगेच वेगळी ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

नसबंदीने हे जाईल का, असं तुम्ही विचारलंय. नाही, याचा माजाशी संबंध नाही. नसबंदी करायची ती इतर कारणांसाठी, आणि ती जरूर करा. फक्त लुचणारं मांजर टाक्यांनाही तोंड लावतं, तेव्हा गळ्यात घालतात ती शंकूसारखी कॉलर (कोन) डॉक्टर सांगतील तोवर काढू नका, कितीही केविलवाणं ओरडलं तरी.