वाचकांचे प्रश्न: क्वीन लतीफा जॅझ का गाते?

मागच्या अंकात क्वीन लतीफाच्या जॅझ अल्बमांबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही निवडून घेतली आहेत.

ताई, ही बाई मुळात रॅपर, मग सिनेमात गेली, मग एकदम जुन्या जॅझ गाण्यांचे अल्बम आणि त्याची टूर. एकदा नाव झालं की काहीही खपतं, असंच ना हे? (एक वाचक, डोंबिवली)

नाही, मला असं अजिबात वाटत नाही आणि का ते नीट सांगते. हिचं खरं नाव डेना ओवेन्स, जन्म 1970 चा, गाव नुअर्क, न्यू जर्सी. जॅझ गायिका सारा व्हॉन याच नुअर्कची, सॅक्सोफोनवाला वेन शॉर्टर इथलाच, म्हणजे जॅझ हिला परक्या मुलखातून आणावं लागलं नाही. पहिला रॅप अल्बम 1989 चा, तेव्हा वय फक्त 19. पुढे 'युनिटी'. रस्त्यात बाईला घाणेरडं बोलणाऱ्यांना भर गाण्यात जाब विचारणारं ते गाणं, त्याला ग्रॅमीही मिळालं. आणि 1998 साली 'लिव्हिंग आउट लाउड' या सिनेमात तिला क्लबमधल्या गायिकेचा रोल मिळाला, त्यात ती 'लश लाइफ' गायली. आता हे गाणं बिली स्ट्रेहॉर्नने विशीच्या आतच लिहायला घेतलेलं, पण चाल इतकी अवघड वळणांची की भलेभले गायक त्यात अडखळतात, नवख्याने हात घालावा असं ते नाहीच. 'शिकागो' या सिनेमातल्या रोलसाठी ऑस्करचं नॉमिनेशन आलं ते त्यानंतर. म्हणजे जॅझ गाण्याची सुरुवात ऑस्करचं वलय यायच्या आधीची आहे. आणि 2004 मध्ये अल्बम काढला तेव्हा त्याचं नाव काय ठेवलं, तर 'द डेना ओवेन्स अल्बम', आईवडिलांनी ठेवलेलं घरचं नाव. नुसतं खपवायचंच असतं तर जे नाव जगाला माहीत आहे तेच पुढे केलं असतं ना. मला तर ही निवड फार आवडते.

मी तबला शिकतोय. रॅप म्हणजे नुसतं बोलणं, सूर नाहीच, मग रॅपवाल्या माणसाला जॅझ जमतं कसं? (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

अरे, तू तबला शिकतोस म्हणजे अर्धं उत्तर तुझ्याकडेच आहे! रॅपमध्ये सूर कमी असतो पण लय केवढी असते. कोणता शब्द मात्रेवर ठेवायचा, कोणता जरा आधी टाकायचा, कोणता ओढून मागे न्यायचा, आपल्याकडे अतीत-अनागत म्हणतात तसाच सगळा खेळ. जॅझ गायकालाही नेमकं हेच यावं लागतं. जॅझवाले जी 'स्टँडर्ड' गातात ती म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनी गायलेली गाणी, बहुतेकदा 32 बारची (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक तुकडा), आठ-आठ बारचे चार भाग. आपल्या बंदिशीसारखंच समज, बंदिश तीच असते, तुझं काय आहे ते तू ती कशी मांडतोस त्यात दिसतं.

एक उदाहरण देते, माझं लाडकं आहे म्हणून जरा लांबण लावते. जेम्स मूडी नावाचा सॅक्सोफोनवाला, 1949 साली स्वीडनमध्ये असताना त्याने एका जुन्या प्रेमगीतावर सोलो वाजवला, म्हणजे तिथल्या तिथे सुचलेले सूर. मग एडी जेफरसनने त्या सोलोतल्या एकेका सुरावर शब्द बसवले आणि किंग प्लेझरने ते 1952 मध्ये रेकॉर्ड केलं, तेच 'मूडीज मूड फॉर लव्ह'. या प्रकाराला व्होकलीज म्हणतात. यात श्वास घ्यायला जागा कमी, शब्द भराभर येतात, चाल मात्र वाद्याची, उड्या मारत जाणारी. हे गायला सुरेल गळा एकटा पुरत नाही, तोंडात शब्द नाचवता यायला हवेत, आणि लतीफाने 2004 च्या अल्बममध्ये हेच गाणं घेतलंय. ते ऐकताना मला कायम वाटतं की रॅपमधली इतकी वर्षं इथे कामाला आली. आणि हो, मूडी लहानाचा मोठा झाला तो नुअर्कमध्येच.

लतीफा हे नाव कुठून आलं? (एक वाचक, लातूर)

अरबी नावांच्या पुस्तकातून. आठ वर्षांची असताना तिने स्वतःच निवडलं. अर्थ नाजूक, कोमल. 'क्वीन' नंतर जोडलं.

माझे वडील मुंबईच्या रंगभवनला जॅझ यात्रा हा महोत्सव ऐकायला जायचे. त्यांचं म्हणणं, ही खरी जॅझ सिंगर नाहीच. तुम्हाला काय वाटतं? आणि टूरमध्ये नक्की काय गायची? (एक वाचक, गिरगाव)

वडिलांना माझा नमस्कार सांगा, त्यांचं काही अंशी बरोबर आहे. सारा व्हॉनसारखं गाण्यात नवं गाणं उभं करणं हिच्याकडे नाही, आणि दोन्ही अल्बममध्ये सगळं जॅझ आहे असंही नाही, बराच सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं भावभरलं लोकप्रिय संगीत) आहे, 'कॅलिफोर्निया ड्रीमिन' तर साठच्या दशकातलं पॉप. तरीही 2004 च्या अल्बमला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं ते जॅझ गायनाच्या गटातच. 2007 मध्ये लॉस एंजेलिसच्या 'हॉलिवूड बोल' या खुल्या रंगमंचावर तिचा मोठा कार्यक्रम झाला, मागे दहा वादक, समोर बारा हजारांवर लोक, मग तीच गाणी घेऊन अमेरिकाभर टूर आणि 'ट्रॅव्हलिन लाइट' हा दुसरा अल्बम. हे शीर्षकगीत जुन्या काळची जॅझ गायिका बिली हॉलिडे हिने 1942 मध्ये गायलेलं. ज्या तरुण मुलामुलींनी बिली हॉलिडेचं नावही ऐकलं नव्हतं ती लतीफासाठी म्हणून आली आणि हे ऐकून गेली, मला तरी ही फार मोठी गोष्ट वाटते.

वडिलांसोबत बसून एकदा बिलीचं आधी लावा, मग लगेच हिचं. बिलीच्या गाण्यात एकटेपण आहे, ही त्याच ओळी धीराने म्हणते, आवाज भरदार, कुठे घाई नाही. त्यांना पटलं नाही तर तेही कळवा, पुढच्या अंकात छापते.